घामाचा उगम

“रानात जाऊन गप्प बसायचं, लांब लांब श्वास घ्यायचे आणि परत यायचं? आमच्या वेळी त्याला परसाकडे जाणं म्हणायचे. त्याला काही गाडी लागत नसे.”

आईच्या या वाक्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण कन्येने नुकताच कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ नावाचा प्रकार काढला. त्याचा अर्थ वनस्नान. जंगलात सावकाश हिंडायचं, पानांचा वास घ्यायचा, झाडाला हात लावायचा, बस्स. रक्तदाब उतरतो म्हणे. “म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ?” मी विचारलं. थंडीच्या तोंडावर ही कल्पना मला एकदम पटली.

रक्तदाबाचा उल्लेख अर्थातच माझ्यासाठी होता. डॉक्टरांनी मला गोळी आणि रोजचं चालणं अशा दोन गोष्टी लिहून दिल्या होत्या. त्यांतली गोळी मी नियमित घेत होतो. काटा चौऱ्याण्णव किलोवर होता आणि ते फार आहे यावर घरातल्या तिन्ही पिढ्यांतल्या बायकांचं एकमत होतं. एरवी या तिघींचं आमटीतल्या गुळावरही एकमत होत नाही.

जंगल कुठलं, यावर दोन दिवस गेले. कन्येला जुनी, मोठी झाडं हवी होती, कारण तिचा कॉलेजात देवरायांवर प्रकल्प चालू होता. आईला देव हवा होता. बायकोला एक दिवस स्वयंपाक नको होता. आणि मला, खरं सांगतो, शेकरू बघायचं होतं. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. सरकारी परीक्षांना बसायच्या दिवसांत ‘राज्यप्राणी – शेकरू’ एवढं मी घोकून ठेवलं होतं. परीक्षा गेली, शेकरू डोक्यात राहिलं. सगळ्यांचा लसावि काढला तर उत्तर भीमाशंकर आलं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी जाहीर झालेलं. आणि त्यातच ज्योतिर्लिंग. आई म्हणाली, “हे आधी सांगितलं असतंस तर जपानपर्यंत जायची काय गरज होती?”

तारीख मी ठरवली. ही गोष्ट पुढे बरेच दिवस माझ्या तोंडावर मारली जाणार आहे, म्हणून त्यामागचा विचार इथे नोंदवून ठेवतो. श्रावण टाळला. सोमवार टाळला. शनिवार-रविवार टाळला. दिवाळीची सुट्टी संपू दिली. उरला नोव्हेंबरातला एक बुधवार. ऑफिसच्या टेबलावरच्या इंग्रजी कॅलेंडरवर तो बुधवार इतका कोरा होता की त्याच्याकडे बघूनच मला जंगलातली शांतता ऐकू येऊ लागली.

पहाटे निघालो. मंचरला मिसळ झाली (डॉक्टर झोपलेले असतात त्या वेळेला), घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं. आंबेगाव तालुक्याला ज्या आंबेगावाचं नाव आहे ते गाव या पाण्याखाली गेलंय. तालुका वर, गाव खाली. कन्या खिडकीतून बघत म्हणाली, “म्हणजे पत्त्यात आहे, पण पत्त्यावर नाही.” ती असं काही बोलली की मला तिच्या फीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

तळेघर सोडलं आणि पुढच्या वळणावर मी ब्रेक मारला. पुढे गाडी. तिच्यापुढे एसटी. एसटीपुढे टेम्पो, टेम्पोत भजनी मंडळ, मंडळात पखवाज. रस्त्याच्या कडेला एक हवालदार माणसाला ओवाळावं तसा हात फिरवून गाड्या एका शेतात घालत होता.

“आज काय आहे?” मी काच खाली करून विचारलं.

हवालदाराने माझ्याकडे, मग मागच्या सीटवरच्या आईकडे पाहिलं. उत्तर आईनेच दिलं. “त्रिपुरी पौर्णिमा.”

“तुला माहीत होतं?”

“घरातल्या भिंतीवर लिहिलंय ठळक. मला वाटलं, तू मुद्दाम काढलास दिवस. म्हटलं, उशिरा का होईना, पोरगं सुधारलं.”

ज्यांच्या टेबलावर माझ्यासारखंच कोरं कॅलेंडर आहे त्यांच्यासाठी सांगतो. शंकराने त्रिपुरासुराला मारलं ते या दिवशी. आणि लढाईनंतर तो दमूनभागून टेकला तो सह्याद्रीच्या याच माथ्यावर. त्याच्या अंगातून जो घाम निथळला त्याची भीमा नदी झाली, अशी कथा आहे. म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस सोडून मी नेमका त्या घामाच्या वाढदिवसाला हजर झालो होतो.

बाकी देव डोंगर चढून भेटतात. भीमाशंकर खोलगटात आहे. गाडी वर लावायची आणि दोनशेच्या वर पायऱ्या खाली उतरायच्या. त्यामुळे जाताना माणूस भक्तीत असतो आणि येताना वैराग्यात. पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले उभे होते. दोन बांबू, मध्ये बांधलेली खुर्ची, चार माणसं. आम्ही चौघं पोचल्याबरोबर त्यांतला वयस्क माणूस पुढे आला. मी आईला म्हणणार होतो, “बसतेस का?” आई शहात्तर वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. पण तो माणूस आईला ओलांडून थेट माझ्यासमोर आला.

“साहेब, डोली?”

“मला? अहो, आईला विचारा.”

“आजी चालतील,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत धंदा नव्हता, काळजी होती. तेच जास्त लागलं.

मी मानेने नाही म्हटलं आणि पोट आत ओढून पहिली पायरी उतरलो. आई तोवर दहाव्या पायरीवर पोचली होती.

दोन्ही बाजूंना दुकानं. पेढे, बेल, रुद्राक्ष, लिंबूसरबत, भजी. एका दुकानात सुकवलेल्या बाळहिरड्यांचा ढीग होता, काळे सुरकुतलेले, बोटाच्या पेराएवढे. इथले महादेव कोळी हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात, वर्षाच्या रोकड पैशात त्याचा मोठा वाटा असतो. आईने एक उचलून दाताखाली धरला, मान हलवली आणि अर्धा किलो घेतला. अर्धा किलो हिरडा म्हणजे आमच्या घराला सात जन्म पुरेल. मी तसं म्हणालो तर तिने भर पायऱ्यांवर मला श्लोक ऐकवला. यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी. ज्याच्या घरात आई नाही त्याची आई हिरडा.

“पण माझ्या घरात आई आहे ना.”

“पुढची ओळ ऐक. कदाचित् कुप्यते माता, नोदरस्था हरीतकी. आई एखाद वेळेस चिडेल, पोटातला हिरडा चिडत नाही. मी चिडायच्या आत उद्यापासून कोमट पाण्याबरोबर चालू कर.”

दर्शनाच्या रांगेबद्दल फार लिहीत नाही. तीन तास लागले. पुढच्या काकांच्या पाठीवरचा तीळ आता मी अंधारातही ओळखीन. एका माकडाने बायकोच्या हातातली प्रसादाची पिशवी इतक्या सराईतपणे नेली की तिने उलट त्याला “सांभाळून” म्हटलं. रांग हळूहळू सरकत असल्यामुळे एक मात्र झालं, शिखर नीट बघता आलं. नाना फडणवीसांनी ते बांधून घेतलं. नागर पद्धतीचं, खालून वर निमुळतं होत जाणारं, आणि त्याच्यामागे लगेच हिरवंगार रान. शिखर कुठे संपतं आणि झाडं कुठे सुरू होतात ते उन्हात क्षणभर कळत नाही. गाभाऱ्यात किती वेळ मिळाला? हात जोडले तेव्हा आत होतो, डोळे उघडले तेव्हा बाहेर.

बाहेर शनिमंदिरासमोर दोन खांबांच्या मध्ये ती घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा फौजेने उतरवल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक मेणवलीत, एक इथे. मी तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. लोक समजले असतील, हा इतिहासात रमलाय. मी वेगळाच हिशेब करत होतो. वसई समुद्राच्या काठाला. भीमाशंकर तीन हजार फुटांच्या वर. मधे अख्खा सह्याद्री आडवा. नुसतं बघून खांदे दुखावेत एवढं ते ओतीव धूड माणसांनी घाट चढवून इथवर आणलं. आणि माझ्या खांद्यावर पाण्याची एक लिटरची बाटली होती, तिचा पट्टा मला काचत होता.

आता वनस्नान. आई आणि बायको एका हॉटेलात टेकल्या. मी आणि कन्या गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. भीमा देवळाजवळ उगम पावते, मग जमिनीत गडप होते आणि दीड-एक किलोमीटरवर रानात पुन्हा प्रकट होते, ते गुप्त भीमाशंकर. शंभर पावलं गेलो आणि पखवाज बंद झाला. म्हणजे तो चालूच असणार, पण झाडांनी तो पिऊन टाकला. ऊनही तसंच. वरून पांढरं फटक येतं आणि खाली पोचेपर्यंत त्याचे फक्त ठिपके उरतात.

कन्या कुजबुजत माहिती देत होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या. देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथली फांदी कुणी तोडायची नाही, वाळकं लाकूडही उचलायचं नाही. गावाजवळचं बाकीचं जंगल गेलं तरी देवाचं तेवढं टिकून राहिलं. पावसाळ्यात तर म्हणे इथल्या कुजक्या लाकडांवरची बुरशी रात्री हिरवट उजळते. “बाबा, जूनमध्ये रात्री यायचं का आपण?” मी हो म्हटलं. जूनला अवकाश होता.

मग ते झाड आलं. वाटेपासून चार पावलं आत एक जांभूळ. जांभूळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे सोसायटीच्या कोपऱ्यातलं येतं, ज्याच्याखाली गाडी लावली की छप्पर जांभळं होतं. हे त्याचं पणजोबा असावं. खोडाला हत्तीच्या पायासारख्या घड्या, घड्यांत शेवाळं, शेवाळ्यात नेचे, आणि माझ्या डोक्याच्या दीडपट उंचीवर एका बेचक्यात आमरीची लांब हिरवी जीभ लोंबत होती. सालीला हात लावला तर गार. माठाला हात लावल्यावर लागतं तसं.

“बाबा, मिठी मारा. डोळे मिटून. दोन मिनिटं.”

मी इकडेतिकडे बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. मी मिठी मारली. माझे दोन्ही हात पसरून झाडाचा एक तृतीयांश भागही झाला नाही. गाल सालीला टेकला. ओल्या मातीचा, किंचित आंबट असा वास आला, आणि गंमत नाही सांगत, छातीतली धडधड खरोखर उतरत गेली. कुठल्यातरी पक्ष्याने शीळ घातली. चौऱ्याण्णव किलोच्या माणसाला कुणाच्या तरी शेजारी आपण किरकोळ आहोत असं वाटायचा योग फार क्वचित येतो. मला बरं वाटलं. दीड मिनिट बरं वाटलं.

मग मानेवर काहीतरी चाललं. मग कॉलरच्या आत. मग पाठीवर चार ठिकाणी एकदम. डोळे उघडून वर बघितलं तर फांदीला फुटबॉलएवढं काळपट वारूळ चिकटलेलं, आणि माझ्या खांद्यावरून मुंग्यांची वर्दळ सुरू झालेली. मंचर फाट्यासारखी, दोन्ही बाजूंनी. पुढचं एक मिनिट मी जे केलं त्याचं कन्येने चित्रीकरण केलंय. तिच्या मैत्रिणींना ते पारंपरिक नृत्य वाटलं.

या नाचात माझा पाय मुळीवरून सटकला आणि पोटरीत कळ गेली. लंगडत वाटेवर आलो. साक्षी विनायकाचं देऊळ लागलं, तिथे बाजूला एक वाळकी फांदी पडलेली दिसली. सरळ, हाताला बसेल अशी, देवानेच ठेवल्यासारखी. मी ती उचलली, दोनदा टेकवून पाहिली.

“ठेवा ती.”

समोरून डोक्यावर बेलाची पाटी घेतलेली एक म्हातारी येत होती. आईच्याच वयाची असेल. पाटीला हात नाही, अनवाणी, चढावर.

“आजी, पडलेलीच होती. पाय मुरगळलाय.”

“पडली तरी त्याचीच हाय. देवाचं रान हाय हे. हितली काडी घरला न्हेत न्हाई कुनी.”

“घरी नाही नेत. पायऱ्यांपर्यंत.”

“पायऱ्या काय रानात हायती व्हय?”

कन्या माझ्या बाजूने बोलेल अशी आशा होती. ती वहीत लिहून घेत होती. साक्षीला विनायक होता. मी फांदी होती तिथे, होती तशी ठेवली. म्हातारीने ती पायाने थोडी सरळ केली. मला मात्र एक विचारायचं होतं. “आजी, ते मागचं जांभळाचं झाड किती वर्षांचं असेल?”

“काय ठावं. माझी आजी बोलायची, तिच्या लहानपनीबी येवढंच व्हतं.”

“आणि शेकरू दिसतं का हो इथे?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मंडईत उभा राहून कांदा मिळतो का विचारलं. “सकाळधरनं चार येळा दिसलं.”

शेकरूचं हे एक आहे. ते सगळ्यांना दिसतं. रांगेतल्या तीळवाल्या काकांना दिसलं होतं. चहावाल्याला रोज दिसतं. परत आलो तर आई आणि बायकोलाही दिसलं होतं, हॉटेलच्या मागच्याच झाडावर. “हे एवढं,” बायकोने हात पसरून दाखवलं, “तपकिरी, आणि शेपटी अंगापेक्षा मोठी.” घरटीही दाखवली, शेंड्याला काटक्यांचे गोल गोल भारे. एकेक शेकरू अशी पाच-सहा घरटी बांधतं. मी एकाच घरट्याचे हप्ते गेली पंधरा वर्षं फेडतोय, त्यामुळे मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. सहापैकी एकाही घरी मालक नव्हता.

चढायला सुरुवात केली तेव्हा चार वाजले होते. पहिल्या पन्नास पायऱ्या अब्रूवर चढलो. पुढच्या तीस कठड्याला धरून. मग दर दहा पायऱ्यांना मी दुकानांत रस घ्यायला लागलो. रुद्राक्षाची चौकशी केली, मधाचा भाव विचारला, एका ठिकाणी तर लहान मुलांची पिपाणी हातात घेऊन वाजवायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी लागणारा श्वास शिल्लक नव्हता. शंकराच्या घामाची नदी झाली यात अतिशयोक्ती आहे असं मला सकाळी वाटलं होतं. आता माझ्या शर्टातून जे चाललं होतं ते योग्य उताराला लागलं असतं तर पंढरपूरपर्यंत सहज गेलं असतं. आई मात्र काठी, पायरी, काठी, पायरी करत पुढे निघून गेली. शेवटची दिसली ती एका पाठमोऱ्या पातळाच्या रूपात, वर, गर्दीत.

अर्ध्यावर पोटरीत गोळा आला. पाय जागच्या जागी दगड झाला. मी खाली बसलो आणि मागून ओळखीचा आवाज आला. “साहेब, डोली?”

तोच माणूस. रिकामी डोली घेऊन वर निघालेला. मला वाटतं, तो सकाळपासून माझ्यावर लक्ष ठेवून होता. बायकोने माझ्याकडे न बघता “किती?” विचारलं. आठशे ठरले. मी बसलो. चौघांनी ‘हर हर महादेव’ म्हणून बांबू उचलला आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

पालखीत बसणं ऐटीचं असेल असं मला वाटायचं. तसं नाही. समोरून येणारा माणूस आधी आपल्या पायांकडे बघतो, पाय धड आहेत म्हटल्यावर चेहऱ्याकडे, आणि चेहराही ठणठणीत म्हटल्यावर पुढे न्यायचा तो निष्कर्ष काढतो. दोघीतिघींनी तर माझ्यासमोर हात जोडले. मी लाजेने मान मागे टाकली, खुर्चीच्या पाठीवर, पार आभाळाकडे.

आणि ते तिथे होतं. माझ्या नाकाच्या बरोबर वर, आडव्या फांदीवर पोट टेकून पसरलेलं. तांबूस तपकिरी पाठ, पोटाखाली पिवळसर, शेपटी खाली सोडलेली, दोऱ्याला बांधल्यासारखी हलत. दोन्ही हातांत कसलंसं फळ धरून ते कुरतडत होतं. मी ओरडणार तेवढ्यात सालपटाचा तुकडा माझ्या पोटावर पडला. मग दुसरा.

“थांबा, थांबा!” मी म्हटलं.

“साहेब, थांबू नका म्हनतात चढावर,” खालून आवाज आला. श्वास लागलेला. मी गप्प बसलो. डोली हलत पुढे गेली आणि शेकरू मागे गेलं, उताणं, शेपटीकडून तोंडाकडे. चालत असतो तर दिसलंच नसतं. चालताना मी फक्त पायऱ्या बघत होतो.

वर आई चहा पीत बसली होती. मला उतरवल्याबरोबर मी तिला सांगायला लागलो, अगं, शेकरू, हे एवढं, पण तिचं लक्ष डोलीवाल्याकडे होतं.

“किती ठरले?”

“आठशे, आजी.”

“आठशे पूर्ण पायऱ्यांचे ना? हा बसला अर्ध्यावर. चारशे घ्या.”

म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा काढला, आधी मान पुसली, मग कपाळ, मग पुन्हा मान.

“आजी,” तो म्हणाला, “वाट अर्धी व्हती, पन मानूस पुरता व्हता.”

आईने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बटवा उघडला, आठशे मोजले आणि वर पन्नास ठेवले.